वाचकांचे लाडके नायक आणि खडकीचा पेशवा : मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या लोकप्रियतेविषयी

मराठी वाचकाची सर्वांत आवडती पुस्तके कोणती, हा प्रश्न सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीपाशी विचारला काय किंवा पदवीच्या वर्गात विचारला काय, काही नावे ठरल्यासारखी पुढे येतात. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) येते, पु. ल. देशपांडे यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’ येते, व. पु. काळे आणि सुहास शिरवळकर यांची नावे येतात. आणि त्यांच्या जोडीने, अनेकदा त्यांच्याही आधी, रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२), शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) व ‘छावा’, ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ (१९७२) आणि विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) या कादंबऱ्या येतात. ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) आणि ‘छावा’ (२०२५) या हिंदी चित्रपटांनी यांपैकी दोन कादंबऱ्यांची नावे मराठी न वाचणाऱ्यांपर्यंतही नेली.

या लोकप्रियतेविषयी मराठी समीक्षेने बोलणे टाळले आहे असे नाही. परंतु जे बोलले गेले ते बहुतांशी निकालाच्या भाषेत. वि. का. राजवाडे यांच्यासारख्या इतिहाससंशोधकापासून भालचंद्र नेमाडे यांच्यासारख्या कादंबरीकार-समीक्षकापर्यंत अनेकांनी रंजनप्रधान कादंबरीची कठोर झाडाझडती घेतली. साठोत्तरी काळात तर ऐतिहासिक कादंबरी म्हणजे गतवैभवात रमणे, वर्तमानापासून पळ काढणे, अलंकृत संवादांची आतषबाजी करणे, असे एक समीकरणच रूढ झाले. त्यात तथ्य आहे. मात्र वाचक गतवैभवात रमतो असे म्हणताना त्याला नेमके कोणते वैभव आवडते, हे कोणी फारसे तपासले नाही. वर दिलेल्या पाच कादंबऱ्यांची यादी जरा थांबून पाहिली, तर या समीकरणाला न जुमानणारी एक गोष्ट लक्षात येते. पाचही कादंबऱ्यांचे नायक हरलेले आहेत.

हरणारे नायक

‘मृत्युंजय’चा कर्ण रथाचे चाक जमिनीत रुतलेले असताना मारला जातो. ‘छावा’चा संभाजी शत्रूच्या कैदेत हाल होऊन मरतो. ‘राऊ’चा बाजीराव रणांगणावर अजिंक्य असला, तरी कादंबरीचा जीव ज्या झगड्यात आहे, तो घरातला आणि समाजातला झगडा तो हरतो आणि चाळिशीच्या आसपास नर्मदाकाठी देह ठेवतो. ‘पानिपत’विषयी तर बोलायलाच नको, ते नावच मराठीत सर्वनाशाला पर्यायी शब्द म्हणून वापरले जाते. ‘स्वामी’चा माधवराव सोळाव्या वर्षी पेशवा होतो, राक्षसभुवनावर निजामाला नमवतो, चुलत्याचे बंड मोडतो, विस्कटलेली दौलत सावरतो, आणि हे सगळे करून अठ्ठाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, थेऊरला क्षयाने मरतो. ग्रँट डफने या मृत्यूची हानी पानिपतच्या हानीशी तोलली होती. मराठी वाचकाने तो तोल मनोमन मान्य केला.

वैभवाचीच भूक असती, तर अटकेपार झेंडे नेणाऱ्या मोहिमेवरची कादंबरी या यादीच्या शिरोभागी दिसायला हवी होती. ती तिथे नाही. देसाईंचीच ‘श्रीमान योगी’ हा या विवेचनाला मोठा अपवाद आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु शिवाजी महाराजांविषयीची वाचकाची भावना कादंबरीने निर्माण केलेली नाही. ती कादंबरीच्या कितीतरी आधीपासूनची आहे आणि कोणत्याही कादंबरीपेक्षा मोठी आहे. कादंबरीकाराने स्वतःच्या बळावर वाचकाच्या मनात ज्यांना जागा मिळवून दिली, त्या नायकांपुरते पाहिले तर विजय हा लोकप्रियतेचा निकष ठरत नाही.

ही अभिरुची १९६२ साली अचानक उपजली असेही नाही. विनायक जनार्दन कीर्तने यांनी ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक १८६१ मध्ये लिहिले. मराठीतील आरंभीच्या स्वतंत्र गद्य नाटकांपैकी हे एक, आणि त्याचा शेवट माधवरावाच्या मृत्यूत व रमाबाईच्या सहगमनात होतो. म्हणजे ‘स्वामी’च्या सुमारे शंभर वर्षे आधी मराठी प्रेक्षक याच मृत्युशय्येपाशी डोळे पुसत होता. हरिभाऊ आपटे यांनी सिंहगडाची कथा सांगताना शीर्षकातच गड आणि सिंह यांचा हिशेब मांडला, हेही विसरता येत नाही. वि. वा. हडप यांनी ‘कादंबरीमय पेशवाई’ ही मालिका लिहून पेशव्यांचा सबंध काळ कथारूपात आणला. तिला तिच्या काळात वाचक होता. तरीही पेशवाईचे नाव निघताच आज वाचकाला जे आठवते, ते दोन-तीन मृत्यू असतात.

‘स्वामी’च्या काळाकडेही पाहावयास हवे. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, १९६१ हे पानिपतच्या द्विशताब्दीचे वर्ष होते आणि त्याच वर्षी त्र्यं. शं. शेजवलकर यांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ मराठीत आला. माध्यमिक शिक्षण खेड्यांपर्यंत जात होते. पुढे १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने गावोगावच्या वाचनालयांना आधार मिळाला. पहिल्यांदाच घरात कादंबरी आणणारा एक मोठा वर्ग तयार होत होता. देसाईंनी या वर्गाला राजकारणाच्या आधी घर दिले : देवघर, मुदपाकखाना, आजारी नवऱ्याच्या उशाशी बसलेली पत्नी, वडीलधाऱ्यांपुढे गिळलेला शब्द. माधवराव-राघोबा हा संघर्ष मराठी कुटुंबाला इतिहास वाचून कळला नाही. तो त्याला भाऊबंदकीच्या अनुभवातून आधीच ठाऊक होता. साहित्य अकादमीने १९६४ साली ‘स्वामी’ला पुरस्कार दिला, पुढे गजानन जागीरदार यांच्या दिग्दर्शनाखाली दूरदर्शनवर मालिका आली. १९४४ च्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’मध्ये माधवरावांच्या न्यायाधीशाची भूमिका करणाऱ्या जागीरदारांनीच ती दिग्दर्शित करावी, यात एक सांस्कृतिक सलगता दिसते.

खडकीचा प्रसंग

या लाडक्या मृत्यूंच्या मालिकेत खडकी कोठे बसते?

५ नोव्हेंबर १८१७ रोजी गणेशखिंडीच्या टेकड्या आणि खडकी गाव यांच्यामधल्या मैदानात दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि कर्नल बर याच्या हाताखालची कंपनीची फौज यांची लढाई झाली. कंपनीचे लोक सुमारे तीन हजार होते, पेशव्यांचे त्यांच्या कित्येक पट. रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरचा बंगला सोडून खडकीच्या छावणीत आला आणि मागे तो बंगला जाळला गेला. बापू गोखल्यांनी घोडदळ घातले. परंतु इंग्रजांच्या डाव्या बगलेपुढे दलदल होती, तिचा अंदाज न आल्याने घोडी चिखलात रुतली आणि हल्ल्याचा जोर मोडला. मोरो दीक्षित पडले. पेशवे पर्वतीवरून लढाई पाहत होते. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले.

कादंबरीकाराला हवे ते सारे या दिवसात आहे. संख्याबळ असूनही झालेला घात आहे, जळणारा बंगला आहे, जरीपटका आहे, आणि चिखलही आहे. कर्णाच्या रथाचे चाक ज्याच्यामुळे रुतले त्या भूमीवर मराठी वाचक आजही रागावतो. खडकीच्या दलदलीत रुतलेल्या घोड्यांची त्याला खबर नसते. इंग्रजांनी मात्र हे नाव जपले. मुंबई लष्करातील पलटणींना ‘किर्की’ हा रणसन्मान मिळाला आणि तो त्यांच्या निशाणांवर चढला. पुढे छावणी, १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना, सॅपर्सचे केंद्र, महायुद्धांतील सैनिकांची दफनभूमी असे लष्करी जीवन या गावाभोवती वाढत गेले. खडकीचे वाङ्मय शोधायचे तर ते पलटणींच्या इतिहासात सापडते. गंमत अशी की, ज्या गणेशखिंडीवरून पेशव्यांची फौज उतरली, तिथेच १९४९ पासून पुणे विद्यापीठ उभे आहे. मराठी कादंबरीवरील किती प्रबंध या रणभूमीच्या काठावर बसून लिहिले गेले असतील याची गणती नाही.

मराठी कादंबरी खडकीपाशी आलीच नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ना. सं. इनामदार (१९२३–२००२) आले. ‘झेप’मध्ये त्यांनी त्रिंबकजी डेंगळे उभा केला, ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर, आणि ‘मंत्रावेगळा’मध्ये खुद्द दुसरा बाजीराव. इतिहासाने ज्यांना वाईट ठरवले त्यांची बाजू मांडणे ही इनामदारांची लेखक म्हणून खूण होती. औरंगजेबावरील ‘शहेनशहा’ ही त्याच वृत्तीतून आली. दुसऱ्या बाजीरावाचे जे चित्र मराठी मनात आहे, त्याच्या पहिल्या रेषा एल्फिन्स्टनच्या पत्रव्यवहाराने आणि ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासाने ओढल्या, म्हणजे ज्यांनी त्याला पदच्युत केले त्यांनीच ओढल्या. त्या रेषा जशाच्या तशा उचलून मराठी बोलीने ‘पळपुटा बाजीराव’ हे बिरुद बनवले. इनामदारांनी या चित्राला हात घातला. वसईचा तह, गंगाधरशास्त्र्यांचा पंढरपुरातील खून, त्रिंबकजीला ताब्यात देण्यासाठीचे दडपण, १८१७ च्या जून महिन्यातला जाचक तह, अशा एकेका फासाने आवळला गेलेला माणूस त्यांना दाखवायचा होता.

‘मंत्रावेगळा’ला वाचक मिळाले. तिचे मोल जाणणारे जाणकारही मिळाले. इनामदारांना १९९७ साली तेव्हाच्या अहमदनगर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन मराठी समाजाने त्यांचा सन्मान केला. तरीही वाचकाच्या ओठांवर इनामदारांचे नाव येते ते ‘राऊ’बरोबर. एकच लेखक, एकच साधनसामग्री, एकच भाषा, आणि दोन्ही कादंबऱ्यांच्या नायकांचे नावही एकच. पहिला बाजीराव लाडका झाला आणि त्याचा नातू समजून घेण्यापुरता राहिला.

याचे एक कारण रचनेत आहे. ‘मंत्रावेगळा’ची भूमिका मुळातच बचावाची आहे. बचाव ऐकणारा वाचक न्यायाधीशाच्या आसनावर बसतो आणि न्यायाधीश पटवून घेतो, रडत नाही. ‘स्वामी’ वाचताना माधवरावावर कोणताच आरोप नसतो. वाचकाला तिथे निकाल द्यावयाचा नसतो, फक्त उशाशी बसायचे असते. इनामदारांच्या कौशल्यात उणेपणा नव्हता. त्यांनी निवडलेल्या कामाचीच ही मर्यादा होती.

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते रचनेने सुटणारे नाही. दुसरा बाजीराव मेला नाही. खडकीनंतर येरवडा, कोरेगाव, आष्टी असा पाठलाग झाला. आष्टीला फेब्रुवारी १८१८ मध्ये बापू गोखले लढता लढता पडले आणि लोकस्मृतीत कायमचे आदराचे धनी झाले. बाजीराव त्याच वर्षी जूनमध्ये माल्कमच्या स्वाधीन झाला, सालीना आठ लाखांचा तनखा घेऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला गेला, आणि १८५१ पर्यंत, म्हणजे तब्बल तेहतीस वर्षे जगला. गंगास्नान, दानधर्म, लग्ने, दत्तकविधान. लाडक्या नायकांच्या यादीतील माधवरावाचे सबंध आयुष्य जेवढे होते, त्याहून अधिक वर्षे त्याने पराभवानंतर काढली.

मराठी वाचकाला पराभव चालतो, इतकेच नव्हे तर तो त्याला प्रिय आहे. पराभवानंतरचे जगणे मात्र त्याला सोसवत नाही. नायकाने मरून हिशेब चुकता करावा अशी त्याची अपेक्षा असते. कर्णाचे दुर्योधनाशी असलेले सख्य आणि द्यूतसभेतील त्याचे बोलणे मृत्यूमुळे माफ होते. संभाजीराजांवर बखरकारांनी ठेवलेले सारे आरोप त्यांच्या अखेरच्या दिवसांपुढे फिके पडतात. मृत्यू ही या कादंबऱ्यांतली पावती आहे. ती ज्याच्यापाशी नाही, त्याचे खाते वाचक मिटवत नाही. ऐतिहासिक कादंबरीवरचा गौरवीकरणाचा आक्षेप म्हणूनच नेमक्या जागी लागत नाही. या कादंबऱ्या भूतकाळाला मोठे करतात त्यापेक्षा त्याला वेळेवर संपवतात, आणि जे संपले नाही त्याकडे पाहण्यापासून वाचकाची सुटका करतात.

जगून राहिलेली माणसे

येथवर ‘मराठी वाचक’ असा एकवचनी उल्लेख सोयीसाठी केला. तो तसा सोडून देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पेशवाईचा अस्त ही शोकांतिका मानणारा वाचक हा वाचकांचा एक भाग आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) लिहिली तेव्हा पेशवाईची आठवण त्यांच्या लेखी हळहळण्याची नव्हती. खडकीच्या लढाईनंतर दोन महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगावला लढाई झाली. तेथील स्तंभाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली आणि त्या जागेचा अर्थ एका मोठ्या समाजासाठी कायमचा बदलला. ‘स्वामी’च्या पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आला, आणि त्याच वर्षी नेमाड्यांची ‘कोसला’. थेऊरच्या वाड्यातले अश्रू आणि बागुलांच्या कथांमधला दाह एकाच दशकातले आहेत, पण आवडत्या पुस्तकांच्या याद्यांत ते क्वचितच शेजारी बसतात. छावणीमुळे आणि कारखान्यांमुळे नाना प्रांतांची, नाना जातींची वस्ती झालेल्या खडकीसारख्या ठिकाणी शिकवणाऱ्या प्राध्यापकाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. वर्गातल्या पहिल्या तीन बाकांवरच तीन वेगवेगळ्या पेशवाया बसलेल्या असतात.

लक्षणीय भाग असा की, बागुलांची पात्रे आणि पुढे दलित आत्मकथनांतील माणसे यांना वेळेवर मरण्याची मुभाच नाही. अपमान गिळून दुसऱ्या दिवशी कामावर जाणे हाच त्यांचा पराक्रम आहे. पराभवानंतर कसे जगावे हा जो प्रश्न लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरीने टाळला, त्याचे उत्तर मराठी साहित्यात शोधायचे, तर ते तिथे मिळते.

स्त्री-व्यक्तिरेखांच्या बाबतीत हा कल अधिकच उघडा पडतो. ‘स्वामी’च्या शेवटी रमाबाई सती जाते. कादंबरीतला तो सर्वांत हळवा भाग आहे, आणि वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी तो ज्या भक्तिभावाने वाचला, त्याची दखल घेतल्याशिवाय ‘स्वामी’च्या लोकप्रियतेचे स्पष्टीकरण पुरे होऊ शकत नाही. १९८७ च्या कायद्याने सतीचे उदात्तीकरण दंडनीय ठरवले. अठराव्या शतकातील घटनेचे चित्रण करणाऱ्या १९६२ च्या कादंबरीला त्या कायद्याच्या तराजूत घालणे अप्रस्तुत आहे. मात्र ही कादंबरी वर्गात शिकवताना तो शेवट केवळ ‘उत्कट’ या एका विशेषणावर सोडून देणे ही अध्यापनातील पळवाट आहे. माधवरावाचा मृत्यू हिशेब चुकता करतो आणि रमाबाईचा मृत्यू त्यावर मोहोर उमटवतो, अशी ती योजना आहे. देसाईंची शैली इतकी मृदू आहे की योजना म्हणून ती जाणवत नाही.

रमाबाईच्या शेजारी पार्वतीबाईला ठेवून पाहावे. सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले, पण त्यांच्या पत्नीने वैधव्य मानले नाही. भाऊ परत येतील या विश्वासावर ती कुंकू लावून शनिवारवाड्यात राहिली. तिच्या डोळ्यांदेखत भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याची चौकशी झाली, त्याला देहदंड झाला, माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, ती राहिली. १७८३ साली ती वारली तेव्हा पानिपतला बावीस वर्षे झाली होती. तोतयाच्या बंडावर न. चिं. केळकर यांनी १९१३ मध्ये नाटक लिहिले. पार्वतीबाईकडे मात्र इनामदार वळले, ‘शिकस्त’ या कादंबरीत. पराभव झाल्यावर उरलेल्या वर्षांचे काय करायचे, हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवणारी ती पेशवेकालीन कादंबरीतली विरळा कृती आहे, आणि या बाबतीत ती ‘मंत्रावेगळा’च्या पुढे जाते. इथे इनामदारांना कोणाचा बचाव करावा लागत नाही. पार्वतीबाईवर आरोप नाहीत. तिच्यापाशी फक्त वेळ आहे, आणि तो सरत नाही. बचावाचा सूर गळून पडल्याने या लेखकाच्या गद्याला एक स्तब्धता लाभते, जी त्याच्या रणांगणांच्या वर्णनांत क्वचित आढळते.

‘शिकस्त’चे नाव आवडत्या पुस्तकांच्या यादीत क्वचितच ऐकू येते. ‘पानिपत’ आणि ‘शिकस्त’ एकाच आपत्तीच्या दोन बाजू सांगतात, पण अभ्यासक्रमांत त्यांना जोडीने लावण्याचा विचार झालेला फारसा दिसत नाही. तसा तो झाला, तर ‘मंत्रावेगळा’कडे परत येणेही सोपे होईल, कारण ब्रह्मावर्ताच्या घाटावर रोज स्नान करून तनखा मोजणारा म्हातारा पेशवा पार्वतीबाईच्या ओळखीतून अधिक कळतो. १८५७ साली ज्याचे नाव देशभर झाले, त्या दत्तकपुत्र नानासाहेबाचे बालपण याच तेहतीस वर्षांत, याच म्हाताऱ्याच्या घरात गेले होते.